उद्घाटनाला कलाकार बोलवताय? आधी करार, मग टोकन

दसरा-पाडव्याला सराफी पेढी किंवा साड्यांचं दालन उघडताना मालिकेतल्या एखाद्या चेहऱ्याकडून फीत कापून घेणं आता तालुक्याच्या गावीही नवं राहिलेलं नाही. सुपारी फोनवर ठरते, टोकन मोबाइलवरून जातं आणि कागद राहून जातो. तोंडी करारही कायद्याने करारच, पण ऐन दिवशी कलाकार आला नाही तर तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

शिवाय विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 नुसार, ज्या कामात ती व्यक्तीच महत्त्वाची असते ते काम न्यायालय सक्तीने करून घेत नाही. तुमच्या हाती उरते ती भरपाई. म्हणून शूटिंग लांबलं, कलाकार आजारी पडला, पावसाने रस्ता बंद झाला, तर अॅडव्हान्स किती दिवसांत परत मिळणार की दुसरी तारीख मिळणार, हे कलम आधी लिहा. बाकीचं नंतर.

सही कोण करतंय तेही बघा. कलाकाराचा मॅनेजर किंवा कोऑर्डिनेटर सही करणार असेल तर कलाकाराने त्याला दिलेलं अधिकारपत्र मागा. ‘मीच सगळं बघतो’ हा पुरावा नव्हे. कलाकाराचं पॅन, जीएसटी नोंदणी असल्यास तिचं प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश घ्या. मालिका चालू असेल तर वाहिनीची किंवा निर्मिती संस्थेची हरकत नसल्याचं पत्रही हवं, कारण असे कलाकार बरेचदा त्यांच्या कराराने बांधलेले असतात. तुमच्याकडून दुकानाची नोंदणी, पॅन आणि टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक) लागेल. भागीदारी असेल तर सही करणाऱ्याला बाकी भागीदारांचं संमतिपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव.

महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा करारांना किमान 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. जुन्या सवयीने 100 चा घेऊ नका. रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढतं, ते विचारून घ्या. नोटरी सक्तीची नाही.

खरी गोची पैशांत होते. समजा मानधन 2 लाख ठरलं आणि कलाकार जीएसटी नोंदणीकृत आहे. 18 टक्क्यांप्रमाणे 36,000 जीएसटी वर, मूळ मानधनावर 10 टक्के म्हणजे 20,000 टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापायचा. हातात द्यायचे 2,16,000. पण मॅनेजर ‘दोन लाख नेट’, म्हणजे कर कापून हातात दोन लाख, म्हणाला असेल तर मानधनच 2,22,222 धरावं लागतं आणि कापलेले 22,222 तुमच्या खिशातून जातात. त्यामुळे आकड्यापुढे ‘टीडीएससह’ की ‘टीडीएस वगळून’ ते लिहाच. टीडीएस अॅडव्हान्स देतानाच कापायचा असतो. पॅन नसेल तर दर 20 टक्के. मालक एकटा असेल आणि मागच्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या आत असेल तर ही जबाबदारी येत नाही, तरी सीएला विचारा.

तुम्ही विकत घेता ते दोन-तीन तास, चेहरा नव्हे. त्या दिवसाचे फोटो पुढे वर्षभर होर्डिंगवर लावायचे असतील तर वापराची मुदत आणि माध्यमं करारात हवीत. कलाकाराने माइकवर ‘इथलं सोनं सगळ्यात शुद्ध’ म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली जाहिरात करणाऱ्या कलाकारालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कलाकाराचा मॅनेजर भाषणाचा मजकूर आधी मागतो तो उगाच नाही.

बालकलाकाराचं प्रकरण वेगळं. 18 वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार टिकत नाही, पालकांशी करावा लागतो. 14 वर्षांखालच्या मुलासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि मानधनातले किमान 20 टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात.

पोलीस ठाण्यात अर्ज वेळेत द्या: तारीख, वेळ, अंदाजे गर्दी, येण्याजाण्याचे मार्ग. डिसेंबर 2024 मध्ये हैदराबादच्या संध्या थिएटरमध्ये चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला आणि तिथे आलेल्या अभिनेत्यालाही अटक झाली. तेव्हापासून गर्दीचं नियंत्रण कोणाकडे, बाउन्सर कोणाचे, या कलमांवर कलाकारांची माणसं अडून बसली तर नवल नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी काढा, आणि चित्रपटगीतं वाजवणार असाल तर संगीताचे हक्क असलेल्या संस्थांचा परवानाही.