खालच्या दाढेची भूल

दंतवैद्यकाचा विद्यार्थी वरच्या दाताला भूल द्यायला लवकर शिकतो. वरच्या जबड्याचं बाहेरच्या बाजूचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. मुळाशेजारी हिरडीच्या वर औषध सोडलं की ते हाडातून झिरपत मुळाच्या टोकाशी पोचतं. खालच्या दाढांची गोष्ट वेगळी. तिथलं हाड जाड आणि टणक, औषधाला आत वाट मिळत नाही. म्हणून दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

ही नस जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूच्या एका छिद्रातून हाडात शिरते. ते छिद्र स्नायू आणि श्लेष्मल त्वचेच्या आड असतं. विद्यार्थी अंगठ्याने हाडाची पुढची कड चाचपतो आणि तिथला सगळ्यात खोल खळगा शोधतो. रुग्णाने तोंड मोठं उघडलं की मागे एक उभी घडी ताणलेली दिसते. सुई या दोन खुणांच्या मधून, विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आत जाते. साधारण २० ते २५ मिलिमीटरवर टोक हाडाला अलगद टेकतं.

हे टेकणं फार बोलकं असतं. हाड फार लवकर लागलं तर टोक पुढे राहिलं आहे. सुई थोडी मागे घेऊन सिरिंज समोरच्या दातांकडे वळवायची. हाड लागतच नसेल तर टोक मागे चाललं आहे. अशा वेळी औषध मुळीच सोडायचं नाही, कारण मागे कानाजवळची लाळग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याच्या स्नायूंची नस जाते. तिथे औषध गेलं तर त्या बाजूचा चेहरा ओघळतो, पापणी मिटत नाही. काही तासांत सगळं पूर्ववत होतं, पण तोवर रुग्णाच्या जिवाला घोर लागतो आणि त्या उघड्या डोळ्याला जपावं लागतं.

औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात, कारण नसेला चिकटूनच रक्तवाहिन्या धावतात. मग १.८ मिलिलिटरचं कार्ट्रिज, म्हणजे सिरिंजमधली औषधाची नळी, रिकामं करायला निदान एक मिनिट घ्यायचं. माझ्या मते शिकताना सर्वांत जास्त भर या मिनिटावर हवा. घाईने सोडलेलं औषध ऊतींना ताणतं आणि दुखतं. शिवाय चुकून रक्तात गेलंच, तर हळू सोडल्यामुळे धोका बराच कमी होतो.

या तंत्राचा उगम १८८४ सालचा. त्या वर्षी नेत्रवैद्य कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भूल म्हणून कोकेन वापरून दाखवलं आणि लगोलग न्यूयॉर्कमध्ये शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी नसेशेजारी कोकेन टोचून जबडा बधिर केला. या प्रयोगांची किंमत हॉल्स्टेड यांना कोकेनच्या व्यसनाने मोजावी लागली. आज सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं.

लिग्नोकेन चेतातंतूंच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करतं. सोडियम आत शिरला नाही तर विद्युतसंदेश पुढे सरकत नाही, म्हणून दाताची कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. औषधाचे रेणू दोन रूपांत असतात. विद्युतभार नसलेलं रूप आवरण ओलांडतं. आत गेल्यावर ते भारित होतं आणि आतल्या बाजूने मार्ग अडवतं. शरीराच्या ७.४ या सामूला (सामू म्हणजे आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे चौथा हिस्सा रेणू भाररहित असतात. पू आणि सूज असलेल्या ऊतीत आम्लता वाढते. सामू ६ पर्यंत उतरला तर हे प्रमाण जेमतेम एक-दीड टक्क्यावर येतं. सुजलेल्या जागी टोचलेली भूल नीट चढत नाही ती यामुळे.

पण खालच्या दाढेची सुई तर सुजेपासून दूर टोचलेली असते. तरीही आतला गर पेटलेला असेल तर ओठ पूर्ण बधिर होऊनही दाढ दुखत राहू शकते. सुजेमुळे चेतातंतू आधीच उत्तेजित असतात आणि त्यांच्यात लिग्नोकेनला कमी दाद देणारे सोडियमचे मार्ग वाढतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून विद्यार्थ्याने फक्त ‘ओठ जड झाला का?’ एवढं विचारून थांबू नये. दाताला गार लावून पाहावं. दाब जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं; दाबाची जाणीव भूल चढल्यावरही बरेचदा उरते. मात्र रुग्ण दुखतंय म्हणाला तर ते खरं मानायचं आणि दाताच्या मुळाभोवतीच्या बंधात थोडं औषध देण्यासारखा पुढचा उपाय करायचा.

मात्रेचं गणित दर वेळी करायचं. दोन टक्के द्रावणाच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच कार्ट्रिजही चालत नाहीत. मुलांना ओठ चावायची सवय असते आणि ओठाची बधिरता दाताच्या भुलीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. ती उतरेपर्यंत खायला द्यायचं नाही आणि मुलाकडे लक्ष ठेवायचं, हे पालकांना निघताना स्पष्ट सांगायला हवं.