सांगलीच्या प्रभागांच्या रेघा कुठून येतात

प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की सांगलीत पहिला प्रश्न असतो, 'आपली गल्ली कुठल्या प्रभागात गेली?' दुसरा, 'कुणासाठी गेली?' दुसऱ्याचं उत्तर चहाच्या टपरीवर तयार असतं. पहिल्याचं उत्तर मात्र बऱ्याच अंशी २०११ च्या खानेसुमारीत दडलेलं आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून फेब्रुवारी १९९८ मध्ये महापालिका झाली. तोवर शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती आणि राज्य निवडणूक आयोगही उभा राहिला होता. लोकसंख्या म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यातली लोकसंख्या, अशी व्याख्या घटनेतच आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून महापालिका क्षेत्र कागदावर अजून ५,०२,७९३ माणसांचं आहे.

या आकड्याला ७८ जागांनी भागलं की एका जागेमागे साधारण ६,४४६ लोक येतात. चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे २५,८०० लोक हवेत, त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. २०१८ मध्ये २० प्रभाग होते, १८ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. हिशेबाची वीट म्हणजे प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला सर्वांत लहान भाग, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. हे गट न फोडता जोडत जायचे, सुरुवात उत्तरेकडून करायची आणि शेवट दक्षिणेला. हद्द शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता किंवा रेल्वेमार्ग धरून आखायची आणि दलित वस्तीचे तुकडे करायचे नाहीत. दहा टक्क्यांच्या त्या सवलतीत एखादा गट इकडचा तिकडे सरकवायला वाव उरतो, आणि टपरीवरच्या चर्चेला आधार मिळतो तो तिथेच. मग हरकती, सुनावणी, अंतिम रचना आणि शेवटी आरक्षणाची सोडत.

पूर्वी या रेघा कागदी नकाशावर ओढल्या जात, आता गूगल अर्थवर. चित्र अलीकडचं, माणसं मात्र २०११ ची. शामरावनगरात, विश्रामबागेच्या पुढं किंवा कुपवाडच्या बाजूला नंतर उठलेली घरं पडद्यावर स्पष्ट दिसतात, पण बेरजेत धरता येत नाहीत. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्यानंतर गावठाणातून कोणी उंचावर राहायला गेलं असेल, तरी प्रगणक गटाच्या लेखी ते जुन्याच घरात आहे.

मग आकडे तेच असताना रचना का बदलते? कारण भाजक बदलतो, आणि तो मुंबईत ठरतो. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. महाविकास आघाडीने आधी एकसदस्यीय कायदा केला, पुढे तीनवर आली. वाढीव लोकसंख्या गृहीत धरून तिने नगरसेवकही वाढवले. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते परत फिरवलं. त्याआधी मार्च २०२२ मध्ये रचनेचे अधिकारच आयोगाकडून सरकारकडे गेले होते. हा बदल ओबीसी आरक्षणाच्या वादाच्या गदारोळात झाला, एरवी त्यावर बरीच जास्त चर्चा झाली असती.

या घोळात सांगलीची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्यावर पुन्हा रचना झाली, पुन्हा चार सदस्यांची आणि पुन्हा २०११ वर. जिल्हा परिषदेतही हीच गत, फक्त तिथं प्रभागाऐवजी गट (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) आणि गण (पंचायत समितीचा) असतात. सांगलीत ६० चे ६१ गट झाले आणि साताऱ्यात ६४ चे ६५.

आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवल्या आहेत. ते आकडे प्रसिद्ध झाले की ५,०२,७९३ हा भाज्यही बदलेल.