वजन आलंय, ती अजून आलेली नाही

माझ्या मैत्रिणीच्या मुलीला बघून एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "आता भरलीये की छान! बरी झाली म्हणायची." मैत्रीण तिथे काही बोलली नाही. रात्री मला फोन करून म्हणाली, "वजन आलंय गं, ती अजून आलेली नाही."

मुलीला अ‍ॅनोरेक्सिया होता, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडत नेणारा मानसिक आजार. घरात सगळ्यांसाठी केक करायची, दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ बघायची आणि स्वतः मात्र एका पोळीचे बारीक बारीक तुकडे करून तासभर ताटाशी बसायची. 'नाटकं करते', 'बारीक व्हायचं खूळ' आणि शेवटी 'दृष्ट लागलीये' इथपर्यंत नातेवाइकांची निदानं झाली. मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात गेलेले महिने फुकट गेले, याचा मला आजही राग येतो.

या वागण्याचा बराचसा भाग उपासमारीचाच असतो, हे 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले 36 निरोगी तरुण तिथे स्वेच्छेने दाखल झाले. तिथले संशोधक अँसेल कीज यांनी त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. डोकं शाबूत असलेले हे गडी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन् तास पुरवू लागले, चिडू लागले, माणसं टाळू लागले. पुढे जेवण वाढवलं तरी मनं लगेच ताळ्यावर आली नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत काहीजण आणखीच खचले.

असं का होतं? चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस त्यावरून शिल्लक साठा ओळखतो. लेप्टिन घसरलं की काटकसर सुरू होते. पाळी थांबते, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक टी-3 उतरतं, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात. मग खाणं सुरू झालं की चयापचयाची भट्टी पुन्हा पेटते. रात्री घाम फुटतो, भरपूर खाऊनही काटा जागचा हलत नाही आणि आईबापांना वाटतं, पोरगी अन्न लपवून टाकते. कधी ते खरंही असतं. पण बरेचदा ते अन्न दुरुस्तीत आणि उष्णतेत खर्ची पडत असतं. खूप खालावलेल्या मुलीला मात्र घरच्या घरी एकदम भरपूर वाढू नये. इन्शुलिन वाढतं, फॉस्फेट हा शरीराला लागणारा क्षार रक्तातून पेशींत ओढला जातो आणि हृदयाची लय बिघडू शकते. तिथे डॉक्टर हवेतच.

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव देणारे इंग्रज डॉक्टर विल्यम गल यांनी 1874 साली नातेवाइकांना सर्वांत वाईट शुश्रूषक ठरवलं होतं. पुढे लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात नेमकी उलटी वाट धरली गेली: पालकांना दोष द्यायचा नाही, उलट ताटाचा ताबा काही काळ त्यांच्याकडेच द्यायचा. 2010 साली 121 किशोरवयीन रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यावर वर्षभराने, या पद्धतीने उपचार घेतलेली जवळपास निम्मी मुलं पूर्ण बरी होती. एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात ते प्रमाण 23 टक्के होतं. आणि 'पूर्ण बरी' ठरवताना नुसतं वजन धरलेलं नव्हतं. खाण्याबद्दलचे, शरीराबद्दलचे विचारही चारचौघांसारखे व्हायला हवे होते. म्हणजे मैत्रीण फोनवर म्हणाली तेच.

काल तिचा पुन्हा फोन आला. मुलगी चार्जरवरून धाकट्या भावाशी कडाकडा भांडली आणि भांडता भांडता त्याच्या ताटातला अर्धा लाडू खाऊन गेली. "मोजला नाही गं तिने," मैत्रीण म्हणाली आणि रडायला लागली.