स्टूजेसचा पहिला अल्बम आणि दोन मिक्सचं भांडण

‘गिटार दबलीय’, ‘गायक फारच पुढे आलाय’, ‘एवढं नाव ऐकलं होतं, पण प्रत्यक्षात मवाळच वाटला’. स्टूजेस या अमेरिकी रॉक बँडच्या पहिल्या अल्बमबद्दलची अशी मतं वाचताना आधी विचारावं लागतं, की कोणतं मिक्स ऐकलंत, म्हणजे वाद्यं आणि आवाज कमी-जास्त करून केलेली कोणती जुळणी? ऑगस्ट १९६९मध्ये दुकानात आलेलं, की निर्मात्याने केलेलं आणि तेव्हा नाकारलं गेलेलं? हे दुसरं मिक्स २००५च्या पुनर्आवृत्तीत काही गाण्यांपुरतं आलं आणि पुढे पूर्णच मिळू लागलं. तेव्हापासून वाद घालणारे बऱ्याचदा एकाच नावाच्या दोन वेगळ्या अल्बमांबद्दल बोलत असतात.

रेकॉर्डिंग झालं एप्रिल १९६९मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरहून आलेली पोरं, आणि निर्माता जॉन केल वेल्सचा, शास्त्रीय शिक्षण घेतलेला, नुकताच एका प्रायोगिक बँडमधून बाहेर पडलेला व्हायोलावादक (व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य). गायक इगी पॉपने पुढे सांगितलंय त्याप्रमाणे मंडळींनी अ‍ॅम्प्लिफायर थेट दहावर, म्हणजे आवाजाच्या कमाल पातळीवर नेऊन ठेवले, निर्मात्याने अडवलं, तेव्हा ही पोरं वाजवायचं सोडून बसून राहिली. शेवटी नऊवर तडजोड झाली. गाणीही कमी पडत होती. रेकॉर्ड कंपनीला अल्बमभर गाणी हवी होती, म्हणून ‘रियल कूल टाइम’, ‘नॉट राइट’ आणि ‘लिटल डॉल’ घाईघाईने रचली गेली.

निर्मात्याने मिक्स दिलं ते कंपनीला पटलं नाही. मग गायक आणि कंपनीचा प्रमुख यांनी बसून ते नव्याने केलं. हा निर्णय आजही अनेकांना खुपतो. त्यांच्या मते कलावंताचं काम धंदेवाल्यांनी धुऊन काढलं. मला हे पटत नाही. ‘आय वॉना बी युअर डॉग’ हेडफोन लावून ऐका. गिटारचे तीन उतरते कॉर्ड, त्यांवर पियानोची एकच पट्टी सतत ठोकलेली, आणि मागे घुंगरांसारखा खुळखुळाट. तो पियानो निर्मात्यानेच वाजवलाय, आणि बाजारात आलेल्या मिक्समध्येही तो जागच्या जागी आहे. बदलला तो मुख्यतः गायकाचा आवाज. त्याला पुढे आणलं म्हणून ते गाणं अंगावर येतं. निर्मात्याच्या मिक्समधली एकसुरी गुणगुण मोहक आहे, पण ती त्याच्या आधीच्या बँडच्या वळणाची. या पोरांचा उद्धटपणा तिच्यात विरतो. शिवाय ज्याच्या तोंडी गाणी होती, तोच नव्याने केलेल्या मिक्सला बसला होता, हे या भांडणात कुणी फारसं ध्यानात घेत नाही.

१९६९मध्ये या सगळ्याची कुणाला पडली नव्हती. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत अल्बम १०६च्या वर गेला नाही. एका मोठ्या नियतकालिकाच्या समीक्षकाने त्याला कंटाळवाणा, बालिश वगैरे ठरवलं आणि त्याच लेखात आपल्याला तो आवडल्याचंही कबूल केलं. ‘गॅराज’, म्हणजे हौशी पोरांचं ओबडधोबड रॉक, हे लेबल या बँडला नंतर चिकटलं. १९७२मध्ये साठच्या दशकातल्या विसरलेल्या एकल-तबकड्यांचा एक संग्रह निघाला, तेव्हापासून त्या जातीच्या संगीताकडे लोक नव्याने पाहू लागले. १९७७मध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या पोरांनी याच अल्बममधलं ‘नो फन’ एका एकल-तबकडीच्या मागच्या बाजूला घेतलं, आणि जानेवारी १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा कार्यक्रम, आणि त्या काळापुरता त्यांचा बँडही, याच गाण्यावर संपला. तिथून पहिल्या अल्बमला मान मिळाला. पण मधल्या काळात १९७०चा दुसरा अल्बम येऊन गेला होता. तो स्टुडिओत जवळजवळ मैफलीसारखा वाजवलेला. तो आधी ऐकून मागे येणाऱ्याला पहिला मवाळ वाटणारच.

दोन्ही मिक्सवाल्यांचं एका तक्रारीवर मात्र एकमत होतं, ती म्हणजे ‘वी विल फॉल’. दहा मिनिटांहून लांब, म्हणजे अल्बमचा जवळजवळ तिसरा हिस्सा. व्हायोलाचा एकच लांब सूर आणि त्याखाली जप. मराठी कानाने नीट ऐकलं तर त्या घरंगळलेल्या उच्चारांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ओळखू येतं, आपल्याकडे घरोघरी म्हटली जाणारी तीच त्रयोदशाक्षरी. अनेकांना हे गाणं अल्बमचा वेग मारणारं वाटतं. तबकडीवर ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं होतं, नको असेल तर सुई उचलून बाजू पालटायची. सीडी आल्यावर ते अल्बमच्या मधोमध येऊन बसलं, आणि ‘नो फन’च्या आधी दहा मिनिटं थांबावं लागू लागलं.