स्टेनलेसला धार टिकत नाही? कोणत्या स्टेनलेसला ते आधी सांगा

"जंगलात न्यायची सुरी कार्बन स्टीलचीच हवी, स्टेनलेसला धार टिकत नाही" हे कित्येक वर्षं चालत आलंय, पण ते अर्धवट आहे. बदनामी केली ती स्टेनलेसच्या स्वस्तातल्या ४२० ग्रेडने (ग्रेड म्हणजे स्टीलचा प्रकार), त्यात मुळात कार्बनच कमी मग पातं कडक होणार कसं आणि धार टिकणार कशी? उलट स्वीडनच्या 'मोरा' या सुऱ्यांच्या कंपनीची 'कम्पॅनियन' ही स्टेनलेस सुरी बघा, स्वस्तच आहे, त्यात १२सी२७ ग्रेडचं स्टील, कार्बन साधारण ०.६ टक्के, क्रोमियम १३.५, आणि हीट ट्रीटमेंट (तापवून-थंड करून कडक करणं) नीट असल्यामुळे रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५७च्या आसपास जातं, लाकूड तासायला भरपूर झालं की. तिचंच कार्बनवालं मॉडेल थोडं जास्त कडक असतं, मान्य, पण पावसाळ्यात ओलं तसंच म्यानात घातलं की लगेच गंज धरतं. (स्टेनलेसही गंजतं बरं का, फक्त उशिरा.) पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' आणि ग्रेडचा पत्ताच नाही, अशी सुरी मी तरी घेणार नाही.