वर्तन विश्लेषण म्हणजे नुसती मोजणी नव्हे

वर्तन विश्लेषण म्हणजे माणूस काय करतो, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत, याचा अभ्यास करणारं शास्त्र. त्यात मुलाखतींना, अनुभवकथनाला जागाच नाही, हा समज मुंबईतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. मोजणी हा या शास्त्राचा कणा, हे खरंच. पण १९७८ मध्ये याच शाखेतल्या मॉन्ट्रोज वुल्फ यांनी ठामपणे मांडलं, की उद्दिष्टं, पद्धती आणि परिणाम लोकांना पटतात का, हे त्यांनाच विचारायला हवं.

समजा, लालबागच्या चाळीतलं एक मूल रोज पहाटे किंचाळतं. किती वेळा, हे तक्ता सांगेल. नेमकं तेव्हाच नळाला पाणी येतं आणि बादल्या-पिंपांचा खडखडाट सुरू होतो, हे मात्र आईच सांगणार. तिचं म्हणणं लगेच निष्कर्ष ठरत नाही. खडखडाट असलेल्या आणि नसलेल्या वेळा मोजून ते पडताळायचं.