वंशावळ आलेख: चौकोन-वर्तुळांमागचा हिशेब

अठराव्या शतकाच्या मध्यात मोपर्त्वी या फ्रेंच गणितज्ञाने बर्लिनमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांत सहा बोटं कोणाकोणाला होती, याची नोंद केली. हा गुण आईकडून मुलाकडे आला होता आणि पुढे त्या मुलाकडून त्याच्या अपत्यांकडेही गेला होता. म्हणजे वारसा आई-बाप दोघांकडूनही येऊ शकतो. हा सगळा योगायोग तर नाही ना, हेही त्याने तपासलं. एक लाख वस्तीच्या शहरात अशी दोनच माणसं आढळली; आणखी तीन नजरेतून सुटली असतील असं समजून त्याने प्रमाण २०,००० मध्ये एक धरलं. सलग तीन पिढ्यांत तो गुण निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता मग आठ लाख कोटींत एक निघते. घराण्यात एखादा गुण कोणाकोणात आला हे दाखवणाऱ्या वंशावळ आलेखाच्या खुणा फार नंतर आल्या. मोजणी आधी आली.

१८०३ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ऑटो यांनी जखमेतून रक्त थांबतच नाही (आजच्या भाषेत हिमोफिलिया) अशा घराण्यांचं वर्णन केलं. त्रास पुरुषांनाच, पण तो पुढे जातो स्वतः धडधाकट असलेल्या मुलींमार्फत. कारण सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा निबंध १८६६ चा, आणि त्याची दखल घेतली गेली ती थेट १९०० मध्ये.

त्यानंतर मात्र गोष्टी भराभर जुळल्या. १९०२ मध्ये लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी अल्काप्टोन्यूरियाबद्दल लिहिलं. या विकारात लघवी ठेवली की काळी पडते. रुग्णांचे आई-बाप स्वतः निरोगी, पण अनेकदा एकमेकांचे सख्खे चुलत, मावस किंवा आते-मामे भावंड. अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्याशिवाय असा विकार दिसत नाही, आणि दुर्मीळ जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोघांचे समान आजी-आजोबा. आज आलेखात नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ काढतात, ती याचसाठी.

पण मेंडेलचं पाव प्रमाण, म्हणजे चारांत एक मूल बाधित, माणसांत काही केल्या जुळेना. बाधित मुलं नेहमी जास्तच भरत. यातली मेख १९१२ मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी दाखवली. दोन्ही पालक वाहक (स्वतः निरोगी, पण अप्रभावी जनुकाची एक प्रत असलेले) आणि दोन-दोन मुलं असलेली सोळा कुटुंबं घ्या. सरासरीने नऊ कुटुंबांत एकही मूल बाधित नसेल, सहांत एक असेल, एकात दोन्ही असतील. ३२ मुलांत ८ बाधित, म्हणजे बरोबर पाव. पण डॉक्टरकडे येतात ती सातच कुटुंबं! त्यांच्या १४ मुलांत ८ बाधित, म्हणजे ५७ टक्के. उपाय असा: ज्याच्यामुळे कुटुंब सापडलं, त्या मूळ रुग्णाला मोजणीतून वगळायचं आणि फक्त त्याची भावंडं मोजायची. इथे आठही बाधित मुलं मूळ रुग्ण म्हणून आली असतील, तर त्यांची भावंडं भरतात आठ, त्यांतली बाधित दोन. पुन्हा पाव. आलेखात मूळ रुग्णाकडे बाण काढतात, तो विसरला तर हा हिशेब करताच येत नाही.

हा काटेकोरपणा सगळ्यांनी पाळला नाही. अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट यांच्या सुप्रजननवादी (निवडक माणसांच्याच प्रजननातून वंश 'सुधारू' पाहणाऱ्या) कचेरीने ऐकीव माहितीवर ढिगाने आलेख भरले. नौदल अधिकाऱ्यांच्या घराण्यांवरून १९१९ मध्ये त्यांनी समुद्राची ओढसुद्धा लिंगसंलग्न अप्रभावी, म्हणजे एक्स गुणसूत्रावरून येणारी आणि म्हणून मुख्यतः पुरुषांत दिसणारी, ठरवली. नौदलात बायकांना अधिकारीपद मिळतच नव्हतं, ही साधी गोष्ट त्यात कुठेच नाही.

खुणाही बराच काळ ज्याच्या त्याच्या होत्या. १९९५ मध्ये अमेरिकी जनुकीय समुपदेशकांच्या संघटनेच्या पुढाकाराने एकसारखे संकेत जाहीर झाले. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, बाधित म्हणजे भरलेली खूण, मृत म्हणजे तिरकी रेघ. पिढीला रोमन आकडा, भावंडं वयाने मोठ्यापासून डावीकडून उजवीकडे.

वाचताना आधी बाप-मुलगा जोड्या बघाव्यात. बाधित बापाचा मुलगा बाधित असेल तर एक्स गुणसूत्र बहुधा बाद, कारण मुलाला बापाकडून वाय मिळतं. एक्सवरूनच येणारा रंगांधळेपणा मात्र इतका सर्रास आहे की आईही वाहक असू शकते. तिथे ही खूण फसवते. दुसरी नेहमीची चूक: अप्रभावी विकारात रुग्णाचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता निम्मी धरतात. चारांपैकी बाधित ही शक्यता आधीच गळालेली असते, म्हणून उत्तर दोन-तृतीयांश. उशिरा दिसणाऱ्या विकारात तरुण माणसाची रिकामी खूण तर 'निरोगी' म्हणून वाचूच नये. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक विकाराची लक्षणं बहुतेकदा तिशी-चाळिशीनंतर दिसतात.

काही प्रश्न आलेखाला सुटतच नाहीत. राणी व्हिक्टोरियाच्या वंशातला हिमोफिलिया एक्सवरून चालतो, हे केव्हाच दिसत होतं. प्रकार कोणता, ते २००९ मध्ये रशियन राजघराण्याच्या अवशेषांतल्या डीएनएवरून कळलं: हिमोफिलिया बी. ए आणि बी दोन्हींची जनुकं एक्सवरच असल्याने दोघांचा आलेख सारखाच निघतो.